ग्राफिक्स कार्ड घेताना एसएमपीएसचे नुसते वॅट बघू नका, अँपियर बघा

माझ्या मावसभावाचा पीसी मध्येच बंद पडायचा. हँग नाही, ब्लू स्क्रीन नाही, घरातली लाईट जावी तसा एका झटक्यात ठप्प, पंखेसुद्धा बंद, आणि परत सुरू करायचा तर मागचं बटण बंद करून थोडा वेळ थांबायचं आणि मगच तो उठायचा. नाशिकला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो तो, त्यासाठी सेकंडहँड आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं आणि एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा पॉवर सप्लायचा डबा, जुनाच ठेवला होता, ६५० वॅटचा, दुकानात सांगितलं की साडेसहाशे आहे ना, मग आरामात चालेल. त्याने विंडोज तीनदा टाकलं, रॅम काढून परत बसवली, कार्डच खराब निघालं म्हणून विकणाऱ्याशी भांडण पण झालं. शेवटी मी प्लगला मीटर लावून बघितला तर पूर्ण लोडला सगळा पीसी मिळून ५०० वॅटच्या आसपास खात होता. ६५० चा सप्लाय, ५०० चा लोड, आणि तरी बंद पडतोय. हे गणित त्याला जुळेना, आणि खरं सांगायचं तर हे गणित बऱ्याच जणांना जुळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात आपल्या बाथरूममधल्या गीझरपासून करू. २००० वॅटचा गीझर असतो, घरातला करंट २३० व्होल्टचा, म्हणजे भागाकार केला तर साधारण ८.७ अँपियर. एवढ्यासाठी वायरमन जाड वायर टाकतो, मोठा १६ अँपियरचा सॉकेट लावतो, प्लगच्या पिना चांगल्या जाडजूड पितळी असतात, आणि तरी कुठे पिन ढिली बसली की काही महिन्यांत ती काळी पडते, प्लास्टिक वितळतं, जळका वास येतो. हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. आता आरटीएक्स ५०९० घ्या, जानेवारी २०२५ मध्ये आलेलं एनव्हिडियाचं सगळ्यात मोठं गेमिंग कार्ड, ते खातं ५७५ वॅट. गीझरच्या पाव भागापेक्षा थोडं जास्त, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कार्डाला करंट मिळतो १२ व्होल्टचा. ५७५ ला १२ ने भागा. जवळजवळ ४८ अँपियर! गीझरच्या साडेपाचपट करंट, आणि तो जातो कुठून तर करंगळीएवढ्या प्लगमधून, ज्याच्या पिना एकमेकींपासून फक्त ३ मिलिमीटरवर आहेत.

वायर आणि पिन तापतात त्या करंटमुळे, आणि ते तापणं करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून वॅटचा आकडा बघून अंदाज बांधला की फसगत होते.

आता कार्डाला करंट कुठून कुठून मिळतो ते बघू. एक म्हणजे मदरबोर्डचा स्लॉट. त्यातून जास्तीत जास्त ७५ वॅट घ्यायची परवानगी असते, आणि त्यातले १२ व्होल्टवरचे फक्त ६६. जुनं जीटीएक्स १०५० टीआय आठवत असेल, ७५ वॅटमध्ये भागायचं म्हणून बरीचशी मॉडेल वेगळी वायर न लावताच चालायची. त्याच्यावरच्या कार्डांना एसएमपीएसमधून थेट वायर लागते. ६ पिनच्या प्लगला ७५ वॅट, ८ पिनच्या प्लगला १५० वॅट असा नियम. म्हणजे दोन ८ पिनवालं कार्ड १५० अधिक १५० अधिक स्लॉटचे ७५ असे ३७५ वॅटपर्यंत नियमात बसतं. ८ पिनमध्ये १२ व्होल्टच्या पिना तीनच असतात, बाकी ग्राउंडच्या (करंट परत जायच्या) आणि सेन्सच्या (प्लग लागलाय हे कार्डाला सांगणाऱ्या), तर १५० वॅटला एकेका पिनमधून सव्वाचार अँपियरच्या आतबाहेर जातात आणि ती पिन खरं म्हणजे त्याच्या जवळपास दुप्पट सहज झेलते. हा जो वरचा मोकळेपणा होता ना, त्याच्यामुळे इतकी वर्षं ८ पिनच्या प्लगचं नाव कधी वाईट झालं नाही. एखादी पिन थोडी ढिली असली तरी खपून जायचं.

मग कार्डं वाढली. ३०९० आलं ३५० वॅटचं, ३०९० टीआय आणि ४०९० दोन्ही ४५० वॅटची, आणि आता ५०९० चे ५७५. प्रत्येक कार्डाला तीन-चार ८ पिन लावायच्या तर बोर्डवर जागा कुठून आणणार, म्हणून नवीन १६ पिनचा प्लग आला, १२व्हीएचपीडब्ल्यूआर असं लांबलचक नाव आहे त्याचं. १२ पिना करंटच्या, त्यातल्या ६ बारा व्होल्टच्या आणि ६ ग्राउंडच्या, आणि वर ४ बारक्या पिना सेन्सच्या. एवढ्याशा प्लगमधून ६०० वॅटपर्यंत न्यायचे. ६०० म्हणजे ५० अँपियर, भागिले ६, म्हणजे एका पिनला ८.३ अँपियर. आणि त्या पिनची क्षमता साधारण ९ ते ९.५ अँपियर. जुन्या प्लगमध्ये जवळपास दुप्पट मोकळीक होती, इथे जेमतेम दहा टक्के. मला विचाराल तर मूळ दुखणं हे आहे, बाकीचं सगळं याच्यातून निघालेलं आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० बाजारात आलं आणि थोड्याच दिवसांत लोकांनी वितळलेल्या प्लगचे फोटो टाकायला सुरुवात केली. त्यावर्षी नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरातून साधारण ५० केसेस त्यांच्याकडे आल्यात आणि त्यात प्लग पूर्ण आत न बसणं हे कॉमन कारण दिसतंय. आता हे खरंच आहे की तो प्लग पूर्ण आत जायला जोर लागतो आणि क्लिक नीट ऐकू येत नाही. पण १६०० डॉलरच्या वस्तूचा प्लग दोन मिलिमीटर बाहेर राहिला म्हणून वितळत असेल तर तो सगळा दोष बसवणाऱ्याचा, हे मला पटत नाही. २०२३ मध्ये त्याच प्लगची सुधारलेली आवृत्ती आली, १२व्ही-२×६ नावाची, कार्डाच्या बाजूला करंटच्या पिना पाव मिलिमीटर लांब केल्या आणि सेन्सच्या पिना दीड मिलिमीटर आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला असेल तर सेन्सच्या पिना टेकतच नाहीत आणि कार्ड चालूच होत नाही. चांगली सुधारणा आहे, केली ते बरंच झालं.

पण तरी फेब्रुवारी २०२५ मध्ये ५०९० चे प्लग जळल्याचे फोटो आले. तेव्हा डेरबाउअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जर्मनीच्या ओव्हरक्लॉकरने (पार्ट त्यांच्या मर्यादेपलीकडे पळवून बघणाऱ्याने) स्वतःच्या कार्डावर प्रत्येक वायरचा करंट वेगवेगळा मोजला, आणि एका वायरमधून २० अँपियरपेक्षा जास्त जात होते, दुसऱ्या काही वायरींतून अगदी थोडे. एसएमपीएसच्या बाजूच्या प्लगचं तापमान १५० अंशांच्या आसपास गेलं होतं. हे कसं होतं ते समजून घ्या, कारण सगळी गोम इथेच आहे.

सहा वायरी शेजारी शेजारी आहेत, एकाच ठिकाणाहून निघतात आणि एकाच ठिकाणी जातात. आपण कागदावर ४८ भागिले ६ बरोबर ८ असं करून मोकळे होतो, पण करंट काही असा समान वाटून घेत नाही, शेतात पाटाचं पाणी जसं जिथे वाट मोकळी तिकडे पळतं तसा तो जिथे अडथळा कमी तिकडून जास्त जातो. दोन पिनांचा कॉन्टॅक्ट खराब असेल तर त्यांच्या वाट्याचा करंट उरलेल्या चार घेतात. त्या चारमधल्या एखादीचा कॉन्टॅक्ट सगळ्यात चांगला असेल तर तिच्यावर सगळ्यात जास्त भार. समजा एका कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, ५ मिली-ओहम आहे, ८ अँपियर गेले तर तिथे तिसऱ्या हिश्श्याएवढा वॅट उष्णता तयार होते, त्याचं काही वाटत नाही. तिथूनच २० अँपियर गेले तर २ वॅट. २ वॅट ऐकायला किरकोळ आहे पण जागा आहे काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढी, चारी बाजूंनी प्लास्टिक, वारा लागत नाही, आणि शेजारची वायर पण तापलेली.

आता तुम्ही म्हणाल कार्डाला हे कळत नाही का. ३०९० टीआयमध्ये कळायचं, म्हणजे त्यात सहा पिनांचे दोन-दोनचे तीन गट करून प्रत्येक गटाचा करंट वेगळा मोजला जायचा आणि भार वाटून दिला जायचा. ४०९० पासून एनव्हिडियाच्या स्वतःच्या डिझाइनमध्ये सहाच्या सहा पिना बोर्डवर आल्या आल्या एकत्र जोडल्या जातात. कार्डाला एकूण ४८ अँपियर आले एवढंच दिसतं, ते सहा वायरींतून आले की दोनच वायरींतून, हे कळायला मार्गच नाही. काही कंपन्यांनी आपल्या महागड्या मॉडेलमध्ये, उदाहरणार्थ असूसच्या अ‍ॅस्ट्रलमध्ये, प्रत्येक पिनचा करंट दाखवणारी सोय दिली आहे, आणि माझं स्पष्ट मत आहे की ही सोय सगळ्याच ५०० वॅटच्या वरच्या कार्डांत असायला हवी होती, किरकोळ पार्टसाठी लाखांची वस्तू धोक्यात घालू नये.

बरं, आता मावसभावाच्या पीसीकडे येऊ, कारण त्याचा प्लग वितळला नव्हता, त्याचा प्रॉब्लेम वेगळा होता. ग्राफिक्स कार्ड ३५० वॅट खातं म्हणजे सरासरी ३५० खातं. मीटरवर दिसतं ते सरासरी. आतमध्ये काय होतं की एखादा सीन बदलला, किंवा रेंडरचा नवीन तुकडा सुरू झाला, की अब्जावधी ट्रान्झिस्टर एकदम कामाला लागतात आणि त्या एका क्षणापुरता, मायक्रोसेकंदांत मोजायचा क्षण हा, कार्ड आपल्या रेटिंगच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त करंट ओढतं आणि लगेच खाली येतं. आपल्या मीटरला ते दिसायचा प्रश्नच नाही. एसएमपीएसच्या आत मात्र संरक्षणाचं सर्किट असतं, लोड फार वाढला की शॉर्ट झालं समजून स्वतःला बंद करणारं, आणि ते सर्किट जरा हळवं असलं की त्या झटक्यालाच घाबरून ट्रिप होतं. तोच तो लाईट गेल्यासारखा ठप्प होण्याचा प्रकार. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये तेव्हा कर्नल-पॉवर ४१ असा एरर दिसतो, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन व्यवस्थित शटडाउन न होता बंद झालं, कारण त्यात सापडत नाही, म्हणून त्याच्यामागे लागू नका. ओळखायचं कसं तर ड्रायव्हर किंवा कार्डाचा घोळ असेल तर बहुतेक वेळा स्क्रीन गोठते, काळी होते, आवाज अडकतो, पण पंखे फिरत असतात. पंख्यांसकट सगळं एका क्षणात मेलं आणि मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठत नाही तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्या.

हे झटके ३०८० आणि ३०९० च्या वेळी इतके चर्चेत आले की फेब्रुवारी २०२२ मध्ये इंटेलने एटीएक्स ३.० हा नवीन नियम आणला. त्यात असं आहे की त्या १६ पिनच्या प्लगवालं कार्ड १०० मायक्रोसेकंदांपुरतं आपल्या रेटिंगच्या तिप्पट ओढू शकतं हे धरूनच चालायचं, आणि एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंद स्वतःच्या दुप्पट वॅट न कुरकुरता दिले पाहिजेत. ८५० चा असेल तर क्षणभर १७००. २०२३ मध्ये एटीएक्स ३.१ आलं, त्यात १२व्ही-२×६ प्लग आला. म्हणून आज नवीन एसएमपीएस घेत असाल तर बॉक्सवर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलंय का ते आधी बघा, जुना १००० वॅटचा चांगला असतोच पण नवीन नियमाचा ८५० चा कित्येकदा त्याच्याइतकाच निर्धास्त चालतो.

किती वॅटचा घ्यायचा, तर कंपन्यांचे आकडे तसे ठीक असतात. ५०९० ला १०००, ५०८० ला ८५०, ५०७० टीआयला ७५०, ५०७० ला ६५०, एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटीला ७५०. स्वतः हिशोब करायचा तर कार्डाचे वॅट, त्यात प्रोसेसरचे जास्तीत जास्त (इंटेलचा १४९००के असेल तर २५३ धरा), बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे पाऊणशे ते शंभर, आणि आलेल्या बेरजेवर पंचवीस-तीस टक्के मोकळे ठेवा.

पण खरी गोष्ट लेबलवर आहे. एसएमपीएसच्या अंगावर एक तक्ता चिकटवलेला असतो, त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते बघायचं आणि १२ ने गुणायचं. चांगल्या ८५० वॅटच्या सप्लायवर ७० अँपियर दिसतील, म्हणजे ८४०, जवळजवळ सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतायत. आणि एखाद्या स्वस्तातल्या सप्लायवर मोठ्या अक्षरांत ५०० लिहिलेलं असतं आणि तक्त्यात १२ व्होल्टला २८ अँपियर, म्हणजे ३३६ वॅट. बाकीचे ५ आणि ३.३ व्होल्टवर मोजलेले, ज्याचा आजच्या पीसीला काही उपयोग नाही, कारण आज कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात. दुकानात उभं राहून हा एक गुणाकार केला तरी अर्धी फसवणूक टळते. तक्त्याजवळ किंवा बॉक्सवर किती अंश तापमानाला हे वॅट मिळतात ते पण लिहिलेलं असतं, काही ४० अंशांना, काही ५० ला. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस असतं, तिथे ५० वालाच घ्या.

ब्राँझ, गोल्ड वगैरे जे शिक्के असतात ते फक्त वीज किती वाया जाते त्याचे. पीसीला ८०० वॅट लागत असतील आणि सप्लाय ९० टक्के कार्यक्षम असेल तर भिंतीतून साधारण ८९० घेतले जातात आणि ९० वॅटची गरम हवा होते. ८५० च्या सप्लायमधून ९० टक्केच मिळणार असं काही जण समजतात, तसं नाही, ८५० हे बाहेर मिळणारे वॅट आहेत. गोल्ड घ्यावा, पण गोल्ड म्हणजे आतलं संरक्षण चांगलं असं होत नाही.

मावसभावाच्या कॅबिनेटमध्ये अजून एक चूक सापडली. एकाच वायरला दोन ८ पिनची तोंडं असतात ना, ती दोन्ही कार्डाला लावलेली. म्हणजे प्लग दोन पण एसएमपीएसपासून निघणारी वायर एकच, दोन प्लगांचा भार तिच्याच तीन तारांवर. २०० वॅटच्या कार्डाला चालून जातं, ३५० च्या कार्डाला प्रत्येक सॉकेटला वेगळी वायर द्या. आणि हे फार महत्त्वाचं, मॉड्युलर (ज्याच्या वायरी काढता-लावता येतात असा) एसएमपीएस बदलला तर त्याच्याबरोबर वायरी पण बदला. जुन्या नीट रूट केलेल्या वायरी तशाच ठेवून नवीन सप्लायला खोचायचा मोह होतो, मला कळतं, पण कार्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाला कुठलाच नियम नाही, प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन सिरीजची वेगळी. प्लग बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात, एसएसडी आणि त्यातला डेटा क्षणात गेला. तसंच प्रोसेसरचा ८ पिन आणि कार्डाचा ८ पिन दिसायला भाऊ-भाऊ, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट, बसत नसेल तर जोर लावू नका.

भिंतीकडचं पण बोलू. ९०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला चारेक अँपियर, साधा ६ अँपियरचा सॉकेट पुरतो, पण त्याच सॉकेटला दीडशे रुपयांचा एक्स्टेंशन बोर्ड लावून त्यावर मॉनिटर, राउटर, आणि थंडीत हीटर असं करू नका. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा. यूपीएस घेताना व्हीए (व्होल्ट-अँपियर) बघून फसू नका, ते म्हणजे वॅट नव्हेत, ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस ३६० वॅटचा असतो, लाईट गेली आणि कार्ड लोडवर असलं की तो पण जाणार. शिवाय आजच्या सप्लायना प्युअर साइन वेव्हवाला, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा, यूपीएस मानवतो, चौकोनी वेव्हवर काही सप्लाय बंद पडतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असतो तो यूपीएसवर ठेवा, नॉर्मलवर बदलायला जास्त वेळ लागतो आणि एसएमपीएस लाईट गेल्यावर फक्त बारा ते सतरा मिलिसेकंद तग धरतो.

मावसभावाने ८५० चा एटीएक्स ३.० वाला घेतला, दोन वेगळ्या वायरी लावल्या, आणि आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्के केली, रेंडरला थोडाच जास्त वेळ लागतो आणि खोली पण कमी तापते. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही. तुमचं कार्ड १६ पिनवालं असेल तर एवढं करा की प्लग पूर्ण आत गेलाय आणि फट दिसत नाही हे टॉर्च मारून बघा, प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर सरळ ठेवा, कॅबिनेटची काच वायरीला दाबत नाहीये ना ते बघा. मग अर्धा तास एखादा जड गेम चालू ठेवून त्या वायरींना बाहेरून, प्लास्टिकवरून, दोन्ही टोकांजवळ हात लावून बघा. कोमट असतील तर ठीक. एखादीच वायर बाकीच्यांपेक्षा जास्त तापली असेल किंवा हात ठेववत नसेल तर गेम बंद, पीसी बंद, भिंतीतलं बटण बंद, आणि वायर बदलल्याशिवाय परत चालू करू नका.